एक तळं, एक दिवस: मुंबईजवळच्या गावात हिवाळ्यात पक्षी कसे बघावेत

मुंबईत पक्षी बघायचे म्हटलं की बहुतेकांच्या तोंडी पहिलं नाव रोहित पक्ष्याचं, म्हणजे फ्लेमिंगोचं येतं आणि पावलं शिवडी नाहीतर ऐरोलीकडे वळतात. ठाणे खाडी मोलाची आहेच. २०१५ मध्ये तिथे फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं, २०२२ मध्ये तिला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. तरीही कोणी नवखा माणूस सोबत असला की मी त्याला आधी खाडीवर नेत नाही. खाडीत पक्षी हजारोंनी असतात, पण लांब असतात, आणि चिखलावरचे बारके पक्षी नवख्या डोळ्याला सगळे एकसारखे दिसतात. गावतळ्यावर पक्षी शंभराच्या आत, पण हाकेच्या अंतरावर. शिवाय तळ्यामागे भाताची खाचरं असतात, खाचरांमागे माळ असतो. पाण्यातला, काठावरचा, शेतातला आणि आकाशातला असे चारही तऱ्हांचे पक्षी पायी फिरून एका दिवसात बघता येतात.

आग्रहाने एकच गोष्ट सांगतो. एका दिवसात चार तळी करायला जाऊ नका. एकच तळं धरा आणि उजाडल्यापासून मावळेपर्यंत त्याच्याच आसपास राहा. सकाळी सात वाजता दिसणारं तळं आणि साडेनऊचं तळं यांत पक्षी निम्मे वेगळे असतात. गाडीतून उतरून वीस मिनिटांत पुढे पळणाऱ्याला हे कधीच कळत नाही.

कधी जावं

पहिले पाहुणे सप्टेंबरातच येतात. धोबी हा शेपटी हलवत चालणारा छोटा पक्षी दिसला की मी कॅलेंडरवर खूण करतो. पण तेव्हा भात उभा असतो आणि तळी तुडुंब असतात, त्यामुळे काठ असा उरतच नाही. दिवाळीच्या सुमाराला भात कापला जातो, खाचरं मोकळी होतात, पाणी हळूहळू उतरतं आणि काठाला ओला चिखल उघडा पडतो. म्हणून डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंतचा काळ सगळ्यात चांगला. राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळतात. ५ ला वन्यजीव लेखक मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ ला पक्षीतज्ज्ञ डॉ. सालिम अलींचा. सुरुवात करायला तो आठवडा छान आहे, पण बदकांसाठी आणखी महिनाभर थांबा.

शक्य असेल तर रविवार टाळा. हिवाळ्यात कापणी झालेल्या खाचरांत क्रिकेटच्या स्पर्धा भरतात आणि दिवसभर लाउडस्पीकर चालू असतो. रविवारीच जमणार असेल तर लोकलच्या मेगाब्लॉकचं वेळापत्रक आदल्या रात्री बघून ठेवा. सकाळी जाताना सहसा अडचण येत नाही, परतताना येते.

तळं कसं निवडावं

कसारा मार्गावर टिटवाळा, खडवली, वासिंद. कर्जत मार्गावर बदलापूर, वांगणी, नेरळ. पश्चिम रेल्वेवर वसईची गावं किंवा पुढे सफाळे, केळवे रोड. यांतल्या कुठल्याही स्टेशनात उतरलात तरी रिक्षाने किंवा पायी गाठता येईल असं पाणी मिळतं. मोबाइलवर उपग्रह नकाशा उघडा आणि तळ्याचा आकार बघा. चारही कडा सरळ दिसल्या, भोवती फरशीची वाट दिसली, तर ते सुशोभीकरण झालेलं तळं समजा. भिंत बांधली की काठाचा उतार जातो, उतार गेला की उथळ पाणी जातं, आणि काठावर चरणारे पक्षी बोटभर ते वीतभर पाण्यातच चरतात. अशा तळ्यावर खंड्या आणि दोन बगळे सोडले तर फारसं काही मिळत नाही.

वेडावाकडा काठ, एका बाजूला पाणकणीस नाहीतर लव्हाळं, मधोमध मोकळं पाणी आणि कुठेतरी गुरं उतरायची जागा असेल ते तळं घ्या. जलपर्णीने पूर्ण झाकलेलं पाणी बदकांना नको असतं, पण निम्मं झाकलेलं असेल तर कमळपक्षी आणि जांभळी पाणकोंबडी हमखास. त्याच नकाशावर बघा की दीड किलोमीटरच्या आत खाचरं आणि थोडा गवताळ माळ आहे का. वीटभट्ट्यांचे जुने खड्डे दिसले तर त्यांचीही नोंद करा. त्यांतलं पाणी लवकर आटतं आणि जानेवारीत तिथे लांब पायांच्या शेकाट्या पक्ष्यांचा मुक्काम असतो.

दुर्बीण आणि बाकीचं सामान

नवी दुर्बीण घेणार असाल तर ८ × ४२ घ्या. ८ म्हणजे वस्तू आठपट जवळ, ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. ४२ ला ८ ने भागलं की सव्वापाच येतात. डोळ्याकडे येणारा प्रकाशाचा झोत तेवढ्या मिलिमीटरचा असतो. खिशात मावणाऱ्या ८ × २५ मध्ये तो जेमतेम तीन मिलिमीटर भरतो, म्हणून पहाटेच्या अंधुक उजेडात तिच्यातून काळपट दिसतं. १० पट दुर्बिणीत हाताचा कंपही दहापट होतो आणि पक्षी चौकटीत पकडायला नवख्याला वेळ लागतो.

घरीच गॅलरीत उभं राहून दुर्बीण डोळ्यांना बसवून घ्या. चश्मा असेल तर रबरी कड आत दुमडा, नसेल तर बाहेर काढा. उजवं भिंग हाताने झाका आणि समोरच्या इमारतीच्या टाकीवर मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला स्पष्ट करा. मग डावं भिंग झाका, मधल्या चाकाला हात न लावता उजव्या नळीवरची कडी फिरवून स्पष्ट करा. ही कडी एकदा बसली की तिला परत हात लावायचा नाही. सवय करायची ती एवढीच: नजर पक्ष्यावरून हलू न देता दुर्बीण डोळ्यांपर्यंत वर आणायची. टाकीवर बसलेली घार यासाठी उत्तम. दोन संध्याकाळी सराव पुरतो.

कपडे मातकट, हिरवट, मळखाऊ. पांढरा आणि लाल रंग नको. पहाटे या गावांत स्वेटर लागतो आणि दहा वाजता तो पिशवीत जातो. दवाने बूट भिजतात, म्हणून मोज्यांचा एक जोड जास्त. बसायला चटईचा तुकडा, दोन लिटर पाणी, दुपारचा डबा, टोपी, वही आणि पेन्सिल. पेनाची शाई दवात फुटते. हातात एक काठी असू द्या. या दिवसांत घोणस उन्हाला येते, गवताळ बांधावर पुढे काठी आपटतच चाला, आणि बसायच्या आधी जागा नीट बघून घ्या.

उजाडताना

जानेवारीत इकडे सूर्य सव्वासातच्या सुमाराला उगवतो. तुम्ही पावणेसातला तळ्यापाशी हवेत, म्हणजे पहाटेची लोकल पकडायला लागणार. सूर्य पाठीशी राहील असा काठ धरा. सकाळी तळ्याच्या पूर्वेच्या किंवा आग्नेय कोपऱ्यात बसायचं, दुपारनंतर पश्चिमेला. उलट बाजूला बसलात तर दिवसभर काळ्या आकृत्या बघाल आणि एकाही बदकाचा रंग कळणार नाही.

बांधावर उभं राहू नका. हे मी नुकसान करून शिकलो आहे. खडवलीच्या बाजूच्या एका तळ्यावर पहिल्यांदा गेलो तेव्हा घाईने थेट बांधावर चढलो. मागे उजळलेलं आकाश, त्यावर माझी उभी आकृती. पन्नास-साठ अडई, म्हणजे लहान रानबदकं, शिट्ट्या मारत एकदम उठल्या, दोन घिरट्या घातल्या आणि निघून गेल्या. त्या दुपारपर्यंत परतल्या नाहीत. त्यानंतर अर्ध्या तासाने गावातल्या दोन ताई कपड्यांच्या बादल्या घेऊन त्याच बांधावरून उतरल्या आणि काठावरच्या ढोकऱ्यांनी मानही वर केली नाही. पक्ष्यांना त्यांची चाल माहीत होती, वेळ माहीत होती. तेव्हापासून मी गावच्या रोजच्या पायवाटेनेच उतरतो, गुरांच्या उताराजवळ बसतो आणि बसल्यावर उठत नाही. धुण्याच्या घाटाच्या दिशेने मात्र दुर्बीण चुकूनही फिरवू नका. तिथे कितीही चांगला पक्षी असला तरी नाही.

पहिला अर्धा तास दुर्बीण मांडीवरच राहू द्या आणि ऐका. भारद्वाजाचा घुमणारा आवाज, पाणकोंबडीचं कुवाक-कुवाक, टिटवीची हाकाटी. बगळे रात्रीच्या झाडावरून एकेका टोळीने येतात, त्यांची दिशा टिपून ठेवा, संध्याकाळी उपयोगी पडेल.

उजेड झाला की तळं डावीकडून उजवीकडे सावकाश वाचा. आधी मोकळं पाणी. काळाभोर अंग आणि कपाळावर पांढरा टिळा असलेला तो वारकरी. चिमुकली, सारखी बुडी मारून भलतीकडेच वर येणारी ती टिबुकली. बदकांत आधी चोच बघा. काळ्या चोचीचं टोक पिवळं असेल तर धनवर, चोच पळीसारखी रुंद असेल तर थापट्या. भुवई बदकाच्या नराला डोळ्यावर ठळक पांढरी भुवई असते असं पुस्तकात दिसतं, पण हिवाळ्याच्या सुरुवातीला नरही मादीसारखाच मळकट असतो. भुवई उमटते ती पुढे जानेवारी-फेब्रुवारीत. डिसेंबरात ती दिसली नाही म्हणून ओळख चुकली असं समजू नका. थवा मोजताना दहा पक्षी नेमके मोजा, त्या दहांनी किती जागा घेतली ते डोळ्यात ठेवा, आणि तेवढेच तुकडे थव्यावर पुढे मांडत जा.

काठ

तळ्यावरची खरी मजा काठावर आहे आणि नवखा माणूस नेमका तिथेच कंटाळतो, कारण तिथे तीन तपकिरी पक्षी सारखे दिसतात. तिन्ही तुताऱ्या आहेत, इंग्रजीत ज्यांना सँडपायपर म्हणतात त्या. त्यांना वेगळं करता आलं की अर्धा हिवाळा जमला.

पहिली सामान्य तुतारी. हिची शेपटी एक क्षण स्वस्थ नसते, मागचा भाग सारखा खालीवर होतो. छातीच्या बाजूला, पंख मुडपलेल्या जागेपुढे, पोटाचा पांढरा रंग खांद्याकडे पाचरीसारखा वर चढतो. ती पाचर दिसली की दुसरं काही बघायला नको. उडते ती पाण्याला चिकटून, पंख ताठ धरून थरथरवत.

दुसरी ठिपकेवाली तुतारी. पाठीवर फिकट ठिपक्यांची दाट नक्षी, डोळ्यावर लांब फिकट भुवई, पाय पिवळसर आणि अंगाच्या मानाने उंच. ही बहुधा चार-सहाच्या टोळीत असते.

तिसरी हिरवी तुतारी. नाव हिरवी, पण दिसते गडद, जवळजवळ काळी. ठिपके अगदी बारीक, भुवई डोळ्याच्या मागे पोचत नाही. बहुतेकदा एकटी, तीही आडोशाच्या डबक्यात किंवा ओढ्याच्या वळणावर. उठताना चढ्या आवाजात ओरडते आणि त्या काळ्या अंगातून कमरेचा पांढरा भाग असा चमकतो की एकदा बघितल्यावर विसरत नाही.

यांच्यात गळ्यात काळा पट्टा घातलेला, धावतो-थांबतो-टिपतो असा बुटका पक्षी दिसला तर तो कंठेरी चिखल्या. आणि चिखलाचा एखादा गोळा तुमच्या पायाजवळून अचानक वेड्यावाकड्या वळणांनी उडाला तर तो पाणलावा.

साडेआठ-नऊच्या सुमाराला, ऊन काठापर्यंत आलं की लव्हाळ्याच्या बुडाशी नजर ठेवा. मागच्या जानेवारीत मी गुरांच्या उताराशी बसलो होतो. गवताच्या सावलीतून चिमणीएवढा तपकिरी पक्षी दोन उड्या मारून बाहेर आला आणि खुराने पडलेल्या खळग्याच्या कडेवर थांबला. खळग्यात पाणी होतं. त्याने शेपटी पंख्यासारखी फाकली तेव्हा तिच्या मुळाशी दोन्ही बाजूंना विटकरी रंग उजळला. मग तो माझ्याकडे वळला. गळा निळा, त्याच्या मधोमध तांबूस ठिपका, खाली काळी आणि तांबडी रेघ. आमच्या मराठीत त्याचं नाव शंकर आहे आणि ते नाव त्याला पुरेपूर शोभतं. खळग्यातली एक अळी उचलून तो परत सावलीत शिरला. तेवढ्या वेळात मी श्वास रोखून होतो. दर तीन-चार मिनिटांनी तो त्याच वाटेने येत राहिला, असा पाऊण तास. उठून दुसऱ्या तळ्याकडे गेलो असतो तर तो दिसला नसता.

खाचरं आणि बांध

नऊनंतर उठा आणि खाचरांकडे निघा. कापलेल्या भाताच्या ओलीवर इथे वाल, हरभरा पेरलेला असतो. पाय फक्त बांधावर. पिकातून एक पाऊलही नाही, मग समोर काहीही बसलेलं असो.

चरणाऱ्या गुरांमागे बघा. गायबगळे असतात आणि त्यांच्या पायांत पिवळे धोबी धावत असतात, गुरांच्या चालण्याने उडालेले किडे टिपत. पोट पिवळं दिसलं म्हणून लगेच पिवळा धोबी लिहू नका. करड्या धोब्याचंही पोट पिवळं असतं, पण त्याची पाठ राखाडी आणि शेपटी बरीच लांब, आणि तो सहसा वाहत्या पाण्याशी, दगडांवर असतो. मातीच्या रंगाची, ताठ उभी राहणारी ती तिरचिमणी.

काटक्यांचे शेंडे, कुंपणाचे खांब, विजेच्या तारा यांवर पहारेकरी बसलेले असतात. बुटक्या काटकीच्या अगदी टोकाला गप्पीदास, खाली उतरून किडा घेऊन परत त्याच टोकावर. अंग काळं आणि खांद्यावर पांढरा डाग असला तर कवडा गप्पीदास. डोळ्यांवर चोराची काळी पट्टी बांधल्यासारखा तो खाटीक. तारेवर कोतवाल, वेडे राघू, आणि नशीब असेल तर नीलपंख. बसलेला नीलपंख मळकट वाटतो. तो उडेपर्यंत थांबा.

हवेत एका जागी पंख मारत थांबलेला शिकारी दिसला तर रंग बघा. राखी-पांढरा, खांद्यावर काळा आणि पंख इंग्रजी व्हीसारखे वर धरलेले, तर कापशी. विटकरी पाठ आणि शेपटी फाकलेली, तर हिवाळी पाहुणी खरुची.

दुपार, आणि गावाशी बोलणं

अकरा ते तीन पक्षी मंदावतात, पण आकाश नाही. हवा तापली की शिकारी पक्षी चढत्या हवेवर घिरट्या घालत वर येतात. सावलीत पाठ टेकून डबा खा आणि मधूनमधून वर बघा.

हीच वेळ गावातल्या माणसांशी बोलायची. दुर्बीण गळ्यात घालून शेतात फिरणारा अनोळखी माणूस दिसला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, “जमीन बघायला आलात का?” या पट्ट्यात इतके दलाल आणि मोजणीवाले येऊन गेलेत की हा संशय रास्तच आहे. म्हणून कोणी विचारायची वाट न बघता आधी राम राम करा, कुठून आलात ते सांगा आणि दुर्बीण त्यांच्या हातात द्या. एका गुराख्या काकांनी वारकरी बघितला आणि म्हणाले, “हे तर आमचेच, दर सालाला येतात. औंदा उशिरा आले.” किती उशिरा, तेही त्यांनी सांगितलं, कारण तळ्यावर रोज असतात ते काका. मळ्यात रात्री कोणता पक्षी ओरडतो, तळं कधी आटतं, मासेमारीचा ठेका कोणाकडे आहे, हे सगळं अशा माणसांकडूनच कळतं.

कुठे फासे किंवा मुनिया पकडायची जाळी दिसली तर स्वतः भांडायला जाऊ नका. जागा नीट लक्षात ठेवून वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून आहे आणि गावचे पक्षी त्यातून वगळलेले नाहीत. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बाहेर काढणं मी स्वतः करत नाही आणि सोबतच्यांना करू देत नाही. हजारो किलोमीटर उडून आलेल्या जिवाला इथे पोट भरायचं असतं, आपल्या फोनला उत्तर देत बसायचं नसतं. दिवसा झोपलेलं घुबड सापडलं तर त्याचा फोटो आणि जागा दोन्ही आपल्यापाशीच ठेवा.

माळ आणि परतीची वेळ

साडेतीननंतर माळाकडे जा. पायाखालून तित्तर किंवा लावा उठतील, चंडोल गाईल. गवतावरून अगदी खालून, पंख किंचित वर धरून, डोलत जाणारा मोठा शिकारी म्हणजे भोवत्या. गडद तपकिरी अंग आणि डोकं सायीच्या रंगाचं असेल तर दलदली भोवत्याची मादी. तिच्यामागे धावू नका. माळाच्या कडेला झुडपाशी बसून राहिलात तर ती तोच पट्टा पुन्हा धुंडाळत तुमच्या समोरून जाण्याची शक्यता जास्त.

सूर्य सव्वासहा-साडेसहाला मावळतो. साडेपाचला परत तळ्यावर, या वेळी पश्चिमेच्या काठावर. सकाळी बगळे ज्या दिशेने आले त्या दिशेला आता त्यांच्या रांगा परततील. भोरड्यांचा थवा धुरासारखा वळत एका झाडात शिरतो, तारांवर माळभिंगऱ्या दाटीने बसतात. पूर्ण अंधार व्हायच्या आत रस्त्याला लागा. रात्रीची रिक्षा मिळेलच असं नाही, म्हणून सकाळी सोडणाऱ्या रिक्षावाल्या दादांचा नंबर तेव्हाच घेऊन ठेवा.

यादी गाडीतच पुरी करा, घरी गेल्यावर होत नाही. वेळ, जागा, पक्षी, संख्या, काय करत होता. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकणार असाल तर तळं, खाचरं आणि माळ यांच्या तीन वेगळ्या याद्या करा, आणि ज्या पक्ष्याबद्दल खात्री नाही तो फक्त “तुतारी” किंवा “भोवत्या” म्हणूनच लिहा.

निघण्याआधी मी पाण्याच्या रेघेवर एक ओळखू येईल असा दगड ठेवतो. पंधरा दिवसांनी त्याच तळ्यावर गेलं की दगडापासून पाणी किती पावलं मागे सरलं ते मोजायचं आणि त्या नव्या, ओल्या पट्ट्यासमोर बसायचं. तुताऱ्या तिथेच उतरलेल्या असतात.